गेज ७ सांगतो, स्क्रीन १०० : प्रेशरचे आकडे जुळत नसतील तेव्हा

"साहेब, गेज गेलाय. येताना नवीन घेऊन या."

पुण्याजवळच्या चाकण-भोसरी पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटची कामं करताना हा फोन मी इतक्यांदा घेतलाय की आता समोरच्याला आधी एकच विचारतो, "दोन्ही आकडे सांगा." फोनवरच भागाकार करतो. बऱ्याचदा नवीन गेज डब्यातच राहतो, कारण जुना ठणठणीत असतो. एक किलोत बोलत असतो आणि दुसरा पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच), एवढंच.

आधी लक्षणं बघा. यातलं काही तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं कामाचं आहे.

कॉम्प्रेसरच्या रिसीव्हरवरचा, म्हणजे हवेच्या टाकीवरचा गेज ७ दाखवतो आणि कंट्रोलरच्या स्क्रीनवर १००. बाहेरून आलेल्या नव्या मशीनवर ०.६ दिसतं आणि ऑपरेटर म्हणतो, "हवाच पोचत नाही." एकाच पाइपवर शेजारी शेजारी दोन गेज, एक ७.० आणि एक ७.१, आणि ऑडिटरने त्यावर शेरा मारलाय. लाइन बंद, व्हेंट (दाब बाहेर सोडायचं तोंड) उघडा, तरी स्क्रीन ०.९५ वर बसून. व्हॅक्युम पंप नवा कोरा, पण ७६० काही केल्या येत नाही, ७०० च्या आसपास अडकतो. सोसायटीत तळघरातल्या पंपावर ४ किलो आणि गच्चीवरच्या गेजवर १ सुद्धा नाही.

काटा थरथरतोय किंवा सारखा वरखाली होतोय, असा त्रास असेल तर तो वेगळा विषय. तिथे युनिटचा संबंध नाही. स्नबर (दाबाचे धक्के अडवणारा जोड) किंवा ग्लिसरीन भरलेला गेज लागतो. इथे मी फक्त स्थिर, पण न जुळणाऱ्या आकड्यांबद्दल बोलतोय.

पहिलं काम : डायल वाचा (खर्च शून्य)

हसू नका. गेजच्या काट्याकडे सगळे बघतात, काट्याखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते कुणी बघत नाही. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. धूळ आणि तेलाचा थर असेल तर फडक्याने पुसा.

बऱ्याच गेजवर दोन वर्तुळं असतात, बाहेरचं पीएसआयचं आणि आतलं किलोचं, किंवा उलट. दोन्हींचा रंग वेगळा असतो, पण दहा वर्षं उन्हात राहिल्यावर लाल आणि काळा सारखेच दिसतात. शिवाय दोन वर्तुळांवर बारीक रेघांचं मोल वेगळं असतं. एकीकडे एक रेघ म्हणजे ०.२ किलो, दुसरीकडे एक रेघ म्हणजे २ पीएसआय. एका वर्तुळाचा आकडा आणि दुसऱ्याच्या रेघा, असं मिसळून वाचलेलं रीडिंग मी लॉगबुकात पानंच्या पानं भरलेलं पाहिलंय.

आपल्याकडे बोलण्यातला 'किलो' म्हणजे किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर. 'सात किलो हवा' म्हटलं की शॉपफ्लोअरवर सगळ्यांना कळतं. गोंधळ होतो तो बार (दाबाचं आणखी एक युनिट) आणि किलो एकच मानल्यामुळे. ते जवळ आहेत, एक नाहीत. आणि '१ किलो म्हणजे १५ पीएसआय' हा जो तोंडी हिशोब आहे, तो टायरमध्ये हवा भरायला चालेल, बॉयलरला नाही. खरा आकडा १४.२२ आहे. १० किलोला १५० नव्हे, १४२ पीएसआय होतात.

बॉयलरच्या नेमप्लेटवर १०.५४ किलो असा विचित्र आकडा पाहिला असेल. १५० पीएसआयला ०.०७०३ ने गुणा, तोच येतो. तसंच १७.५ च्या आसपासचा आकडा म्हणजे २५० पीएसआय. इंच-पाउंडातला गोल आकडा मेट्रिकमध्ये आला की असा वाकडातिकडा होतो. म्हणून नेमप्लेटवर आकडा वाकडा दिसला की समजायचं, मूळ युनिट दुसरं आहे.

दुसरं काम : भागाकार (मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरे)

युनिट बदलून देणारी ॲप असतातच, मग भागाकार कशाला? कारण ॲप तुम्हाला विचारतं, 'कुठल्या युनिटमधून कुठल्या युनिटमध्ये?' आणि नेमकं तेच तर माहीत नाही. उलट्या बाजूने जायचं. मोठा आकडा भागिले लहान आकडा. उत्तर काय येतंय त्यावरून जोडी ओळखायची.

१.०२ च्या आसपास : बार आणि किलो. १ बार = १.०२ किलो.
१०, १०.२ : एक एमपीएमध्ये (मेगापास्कल) आहे, दुसरा बार किंवा किलोत. १ एमपीए = १० बार = १०.२ किलो. 'हवाच पोचत नाही' म्हणणाऱ्याचं ०.६ हेच. तिथे ६ किलोच्या वर हवा होती.
१४.२, १४.५ : पीएसआय. किलोशी १४.२, बारशी १४.५.
९८, १०० : केपीए (किलोपास्कल). किलोशी ९८, बारशी १००.
७.५ : केपीए आणि पाऱ्याचे मिलिमीटर.
१३.६ : पाऱ्याचे मिलिमीटर आणि पाण्याचे मिलिमीटर.
९.८ : पास्कल आणि पाण्याचे मिलिमीटर.
२५.४ : पाऱ्याचे इंच आणि पाऱ्याचे मिलिमीटर.

पहिल्या उदाहरणातले १०० भागिले ७ केले तर १४.३ येतात. म्हणजे एक पीएसआय नक्की. दुसरा बार की किलो? १४.३ वरून ते सांगता येत नाही, कारण गेजची स्वतःची चूकच तेवढी असते. इथे पुन्हा पहिल्या कामाकडे जायचं, डायलकडे. भागाकार तुम्हाला गल्लीपर्यंत नेतो, घर नंबर डायलवरच असतो.

रीडिंग डायलच्या वरच्या अर्ध्या भागात असताना घ्या. ०.४ आणि ६ असे तळातले आकडे भागून १५ आले काय आणि १३ आले काय, काही अर्थ नाही.

१३.६ बद्दल जरा जास्त सांगतो, कारण हा घोळ तोंडी होतो. लोक नुसतं 'मिलिमीटर' म्हणतात. पाऱ्याचे की पाण्याचे, ते कुणी बोलत नाही. घरगुती एलपीजीच्या रेग्युलेटरमधून बाहेर पडणारा दाब पाण्याच्या ३०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जेमतेम ३० मिलिबार. हेच ३०० कुणी पाऱ्याचे समजलं तर ४०० मिलिबार होतात. एसीच्या फिल्टरवरच्या मॅग्नेहेलिक गेजचंही (फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक दाखवणारा) असंच. २५० पास्कलला फिल्टर बदलायचा असेल आणि गेज पाण्याच्या मिलिमीटरमध्ये असेल, तर २५ ला बदलायला हवा. २५० ची वाट बघणाऱ्याचा फिल्टर त्याआधीच फाटतो.

आणि ७.५ चा किस्सा घरातलाच. एका नातेवाइकांनी परदेशातून बीपीचं मशीन आणलं. काकूंचं बीपी '१६ आणि १०.७' आलं आणि घरात धावपळ. मशीन केपीएवर होतं. १६ गुणिले ७.५ म्हणजे १२०, १०.७ गुणिले ७.५ म्हणजे ८०. मागचं बटण दाबून धरल्यावर मशीन पाऱ्याच्या मिलिमीटरवर आलं. अर्थात माणसाला खरंच चक्कर येत असेल तर कॅल्क्युलेटर काढत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

७.० आणि ७.१ चं काय?

कारखान्यात सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतात आणि सगळ्यात कमी अर्थ याच्यातच असतो. ७ बार म्हणजे ७.१४ किलो. फरक ०.१४. आता डायलवर खाली 'क्लास १.६' असं काही छापलंय का बघा. ०-१६ चा गेज असेल तर क्लास १.६ म्हणजे १६ च्या १.६ टक्के, साधारण ०.२६ इतकी चूक त्या गेजला माफ आहे. ती टक्केवारी पूर्ण स्केलची असते, रीडिंगची नव्हे. हे ऑडिटरलाही कधी कधी सांगावं लागतं. म्हणजे दोन्ही गेज निरोगी, आणि युनिट वेगळं असो नसो, त्या ०.१ वरून कुणाला दोषी ठरवता येत नाही. दोन्हींवर एकाच युनिटचा गेज बसवा, वाद मिटेल. पैसे घालवायचेच असतील तर असे घालवा.

तिसरं काम : वजाबाकी (खर्च शून्य, पण दोन रीडिंग हवीत)

भागाकार एका रीडिंगवर फसवतो. म्हणून प्रेशर बदलून दुसरं रीडिंग घ्या. समजा आधी ४ आणि ३ दिसत होते आणि आता ७ आणि ६ दिसतायत. भागाकार बदलला, पण फरक दोन्ही वेळा १. हे युनिटचं दुखणं नाही. फरक कायम राहतो तेव्हा तीन संशयित: ॲब्सोल्यूट की गेज, उंची, नाहीतर सरकलेलं शून्य. शून्याचं चौथ्या कामात बघू.

ॲब्सोल्यूट प्रेशर पूर्ण निर्वातापासून मोजतात, गेज प्रेशर आजूबाजूच्या हवेपासून. युनिटच्या पुढे 'ए' हे अक्षर असेल तर ॲब्सोल्यूट, 'जी' असेल तर गेज. काहीच नसेल तर साध्या काट्याच्या गेजवर गेज प्रेशर धरायला हरकत नाही. ट्रान्समीटरवर (दाब मोजून स्क्रीनकडे सिग्नल पाठवणारं उपकरण) मात्र धरू नका, नेमप्लेट वाचा.

लाइन मोकळी असताना स्क्रीनवर ०.९५ दिसत होतं ना? ते पुण्याच्या हवेचं वजन आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार भरतो. मुंबईत तोच ट्रान्समीटर १.०१ दाखवेल. ट्रान्समीटर बिघडलेला नाही, ॲब्सोल्यूट प्रकारचा आलाय. खरेदीत कुणीतरी मॉडेल नंबरातलं एक अक्षर चुकवलं. काही जण यावर 'झिरो मारून', म्हणजे दिसतोय तोच आकडा शून्य धरायला लावून गप्प बसवतात. तसं केलंत तर हवामान बदललं की शून्यही हलेल. वर्षभरात १० मिलिबार सहज वरखाली होतात, आणि कमी दाबाच्या लाइनीवर तेवढं पुष्कळ झालं.

व्हॅक्युमच्या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. ७६० मिलिमीटर हे समुद्रसपाटीचं प्रमाण. पुण्यात मुळात हवाच पाऱ्याच्या सुमारे ७११ मिलिमीटर एवढी आहे, तर पंप ७६० ओढणार कुठून? पुण्यात ७०० येत असेल तर पंपाची पाठ थोपटा. महाबळेश्वरला तोच पंप ६५० च्याही खाली अडकेल. १६४८ मध्ये पास्कलच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्युय द डोम डोंगर चढून हेच दाखवलं होतं, वर गेलं की पारा उतरतो. तरी पंप पुरवणाऱ्याला नोटीस पाठवणारी माणसं अजून भेटतात. आणि हो, मोबाइलवरचं हवामान पुण्यासाठी १०१० दाखवतं म्हणून माझ्याशी भांडू नका. तो आकडा समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो.

व्हॅक्युममध्ये अजून एक उलटं प्रकरण. '६५० व्हॅक्युम' आणि '६० ॲब्सोल्यूट' पुण्यात एकच गोष्ट आहे. एक वाढतं तेव्हा दुसरं कमी होतं. प्रोसेस शीटवर ६० लिहिलंय आणि ऑपरेटर काट्याच्या गेजवर ६० ला पंप बंद करतोय, असंही घडलेलं आहे.

आता उंची. पाण्याच्या लाइनीत दर १० मीटरला १ किलो जातो. तळघरात ४ किलो, गच्ची ३२ मीटर वर, तर वर ०.८ किलोच दिसणार. गेज बदलून ते वाढणार नाही. हे मोजताना पाणी वाहत नसावं, नाहीतर पाइपातल्या घर्षणाची घट त्यात मिसळते. पंपवाला 'चाळीस मीटरचा हेड' म्हणाला तर ते ४ किलो किंवा ५७ पीएसआय, हे पण याच हिशोबात. हवेच्या लाइनीला उंचीचा असा फरक जाणवत नाही. तिथे उंचीला दोष देऊ नका.

चौथं काम : शून्य तपासा (दहा मिनिटं आणि एक पाना)

हे फक्त हवा किंवा थंड पाण्याच्या लाइनीवर. गेजच्या खालचा कॉक बंद करा, व्हेंट सावकाश उघडा, काटा कुठे येतो बघा. शून्यावर आला तर बरं. ०.५ वर अडकला तर काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. तरी हलला नाही तर गेज खरंच गेलाय.

एक फसवणूक लक्षात ठेवा. पुष्कळ गेजमध्ये शून्याजवळ काटा टेकायला खिळा असतो. काटा शून्याच्या खाली घसरलेला असला तरी खिळ्यामुळे तो शून्यावरच दिसतो. म्हणून शून्य बरोबर म्हणजे गेज बरोबर, असं नाही. एकदा वरच्या प्रेशरला, माहितीतल्या चांगल्या गेजशी ताडून बघा. मी बॅगेत यासाठी एक कॅलिब्रेट केलेला गेज ठेवतो आणि तो कुणाला उसना देत नाही.

फरक ना भागाकारात कायम, ना वजाबाकीत कायम, एका टोकाला जुळतं आणि मधे नाही, असं असेल तर गेजच्या आतली बोर्डन ट्यूब (दाबाने हलून काटा फिरवणारी वाकडी नळी) ताणली गेलीय किंवा दातेरी चक्र झिजलंय. दुरुस्तीच्या नादी लागू नका. साधा गेज बदलणंच स्वस्त पडतं.

पाचवं काम : डिजिटल असेल तर सेटिंग

डिजिटल प्रेशर स्विचमध्ये युनिट मेनूतून बदलता येतं, आणि कुणीतरी ते बदललेलं असतं. रात्रपाळीत, बटणं दाबता दाबता. परत आणण्याआधी थांबा. सेट पॉइंटचे, म्हणजे कितीला चालू-बंद व्हायचं त्याचे आकडे वहीत उतरवा. युनिट बदलल्यावर काही मॉडेलमध्ये सेट पॉइंट आपोआप बदलून घेतला जातो, काहींत नाही. मॅन्युअल बघा, आणि बदल केल्यावर सेट पॉइंट पुन्हा डोळ्यांनी वाचा. युनिट बारचं आणि सेट पॉइंट मात्र पीएसआयच्या हिशोबातला राहिला, तर कॉम्प्रेसर बंद व्हायचं नाव घेणार नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि अख्खं शेड बाहेर येतं.

सहावं काम : ट्रान्समीटर आणि पीएलसीची सांगड

इथून पुढे मल्टिमीटर हवा आणि तो सिरीजमध्ये लावता यायला हवा. येत नसेल तर इथेच थांबा.

ट्रान्समीटर दाब सांगत नाही, ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवतो. त्या करंटचा अर्थ पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) लावतो. ट्रान्समीटर ०-१० बारचा असेल तर ७ बारला १५.२ मिलिअँपिअर यायला हवेत. हिशोब सोपा: १६ चे सात दशांश, अधिक ४. करंट बरोबर आणि स्क्रीन चूक असेल तर दोष स्केलिंगचा, म्हणजे किती करंटला किती दाब धरायचा या पीएलसीतल्या हिशोबाचा. करंटच चूक असेल तर ट्रान्समीटरचा किंवा वायरिंगचा.

स्केलिंगच्या चुका भागाकारात वेगळ्या ओळखू येतात. गेजवर ७ आणि स्क्रीनवर ४.४ असेल तर उत्तर १.६. वरच्या यादीत १.६ नाही, कारण ते युनिट नव्हेच. ट्रान्समीटर ०-१६ चा बसवला आणि पीएलसीत जुना ०-१० च राहिला, एवढंच. यादीत न बसणारा भागाकार आला की रेंजचे आकडे एकमेकांनी भागून बघायचे.

कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची सेटिंग बदलायचं हातातलं यंत्र) लावून ट्रान्समीटरचं युनिट बारवरून किलोवर नेलं की स्क्रीन सुधारेल, असा एक लोकप्रिय समज आहे. साधारणपणे त्याने ट्रान्समीटरच्या स्वतःच्या डिस्प्लेवरचा आकडा बदलतो. ४ आणि २० कुठे बसतात ते तसंच राहतं. पीएलसीला काहीच कळत नाही.

इथे हात लावू नका

वाफेच्या लाइनीवर चौथं काम करायचं नाही. गेजखालच्या वळणदार सायफनमध्ये पाणी भरलेलं असतं ते गेजला वाफेपासून वाचवायला. ते रिकामं झालं की गेज जातो आणि हातही भाजतो. बॉयलरचा गेज आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांत आकड्यांचा मेळ नसेल तर बॉयलर अटेंडंट आणि अधिकृत दुरुस्ती करणारा, दुसरं कुणी नाही. सेफ्टी व्हॉल्व्हचं सील तोडून 'थोडा ॲडजस्ट' करणं हा उद्योग नव्हे, गुन्हा आहे.

ऑक्सिजनच्या लाइनीला साधा गेज लावू नका आणि तिथला गेज तेलाच्या टेस्टरवर तपासू नका. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा अंश मिळाला तर आग लागते. अमोनियाला पितळी गेज चालत नाही, अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूला खातो. हायड्रॉलिकवर प्रेशर असताना फिटिंग ढिलं करायचं नाही. सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीत शिरतं आणि जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी तडक हॉस्पिटलला जावं लागतं. एलपीजीचा दाब जुळत नसेल तर सिलिंडर बंद करून गॅसवाल्याला बोलवा.

पीएलसीचं स्केलिंग स्वतः बदलू नका, ते येत असलं तरी. त्याच आकड्यावर ट्रिप आणि इंटरलॉक (धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी किंवा अडवणारी व्यवस्था) बसलेले असतात, आणि ज्याने प्रोग्राम लिहिलाय त्यालाच ते सगळे ठाऊक असतात. आणि आकड्यावर बिल किंवा सर्टिफिकेट अवलंबून असेल, तर गेज एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडे पाठवा. माझ्या बॅगेतला गेज तिथे चालत नाही.

बोलावणार असाल तर आधी एवढं जमवून ठेवा: दोन्ही डायलचे किंवा स्क्रीनचे फोटो, युनिट दिसेल असे. दोन वेगवेगळ्या प्रेशरला दोन्हींची रीडिंग. लाइनीत काय आहे, हवा, पाणी, वाफ की आणखी काही. दोन्ही गेजच्या उंचीतला फरक, अंदाजाने चालेल. आणि कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख. एवढं व्हॉट्सॲपवर आलं की बऱ्याचदा मी तिकडे येतच नाही, आणि मग व्हिजिटचे पैसेही मागता येत नाहीत.